सल्ला मालकाला, तारीख कामगाराला

वकिलाने आपल्या व्यवसायाची जाहिरात करू नये, असा आपल्या देशात नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील हा ३६ वा नियम. २००८ साली त्याला एक सवलत जोडण्यात आली. नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि आपण कायद्याच्या कोणत्या क्षेत्रांत काम करतो, एवढी माहिती वकिलाने इंटरनेटवर द्यायला हरकत नाही, असे ठरले. तेव्हापासून व्यापारी कायद्याचे काम करणाऱ्या वकिली पेढ्यांच्या कार्यक्षेत्रांची यादी सर्वांना वाचायला मिळू लागली. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या पेढीची यादी घ्या, किंवा पुण्या-औरंगाबादच्या पेढीची घ्या. मजकूर साधारण सारखाच असतो. कंपनीची स्थापना, भागीदारी व करारनामे, जमिनीच्या मालकीची तपासणी, कामगारविषयक कायदे, थकबाकीची वसुली, दिवाळखोरी, लवाद, कर आणि बौद्धिक संपदा.

आपल्या कार्यकर्त्यांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी. जिल्ह्यात संपत्ती कशी निर्माण होते, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते आणि वाटेत तिला कायद्याचे कवच कोठे कोठे लागते, हे त्या एका पानावरून कळते. यादीत कामगार आहे, पण तो पक्षकार म्हणून नव्हे. ज्याच्याविषयी सल्ला द्यायचा तो विषय म्हणून. शेतकरीही आहे, पण तो ज्याची जमीन तपासायची आहे त्या सात-बारावरील एक नाव म्हणून. यात कोणा वकिलाला दोष देण्याचा हेतू नाही. जो शुल्क देतो त्याचे काम वकील करतो आणि ते प्रामाणिकपणे करणे हा त्याचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच, की कायद्याचे ज्ञान एका बाजूला भांडणाच्या दोन वर्षे आधी पोहोचते आणि दुसऱ्या बाजूला भांडण हरल्यावर. ही तफावत आपण किती दिवस चालू देणार आहोत?

पेढी जिल्ह्यात कशी आली?

मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाचे विश्व मात्र दिवाणी, फौजदारी आणि महसुली या तीन दालनांत सामावलेले असे. नाशिकचे चित्र बदलले ते औद्योगिकीकरणाने. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर आणि अंबड या वसाहतींत मायको, महिंद्र, सिएट, क्रॉम्प्टन यांच्याबरोबर त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने आले. पुढे सिन्नरचा पट्टा वाढला. १९९१ नंतर द्राक्षांची निर्यात, वाइनचा धंदा, गृहबांधणी आणि जमिनींचे व्यवहार यांनी वेग घेतला. भांडवल जेथे जाते तेथे त्याला करार लागतो, आणि करार लागला की तो लिहिणारा लागतो. जिल्ह्यातील वकिली पेढी ही या साऱ्या घडामोडींची स्वाभाविक निष्पत्ती आहे.

या वकिलाचे काम न्यायालयात कमी आणि टेबलावर अधिक असते. उद्या तंटा झाला तर कागद आपल्या बाजूने बोलला पाहिजे, अशा बेताने तो आजचा कागद लिहितो. हे नीट समजून घेतल्याशिवाय गेल्या पंचवीस वर्षांत कामगार चळवळ न्यायालयात वारंवार का हरली, याचा उलगडा होणार नाही.

कागदावरचे नाते

कंत्राटी कामगाराचे उदाहरण पाहू. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा झाला. मालकाने अनुचित प्रथा अवलंबिली तर संघटनेला किंवा कामगाराला सरकारच्या परवानगीची वाट न पाहता थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. हे मोठेच हत्यार होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत त्याची धार बोथट केली. कंत्राटदाराकडे असलेले कामगार आपण मूळ कंपनीचेच कामगार आहोत असे म्हणत असतील आणि कंपनी ते नाकारत असेल, तर मालक-कामगार हे नाते आधी दुसऱ्या न्यायासनापुढे सिद्ध करावे. या कायद्याखालील तक्रारीत तो प्रश्न सोडविता येणार नाही, असा त्या निकालांचा आशय. म्हणजे कंपनीने 'हे आमचे कामगार नव्हेत' एवढे लेखी म्हटले की तक्रारीचा दरवाजा बंद! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टील अॅथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने आणखी एक निर्णय दिला. कंत्राटी पद्धतीवर सरकारने बंदी घातली तरी ते कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत येत नाहीत, असे त्यात ठरले. मात्र कंत्राट हा निव्वळ बनाव आहे असे सिद्ध झाले, तर ते कामगार मूळ मालकाचेच मानावेत, ही वाट त्या निकालाने खुली ठेवली.

आता बनाव ओळखायचा कसा? २०१४ साली एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या. नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवेत सातत्य आहे काय, आणि कामावर देखरेख व नियंत्रण कितपत आहे. कामगाराच्या दृष्टीने हे सहा प्रश्न म्हणजे न्याय मिळविण्याच्या सहा वाटा. परंतु मालकाच्या सल्लागाराच्या दृष्टीने हीच सहा कलमी तपासयादी असते. नेमणूकपत्र ठेकेदाराच्या नावे, पगार ठेकेदाराच्या खात्यातून, मस्टर ठेकेदाराच्या मुकादमाच्या हाती, रजेचा अर्ज ठेकेदाराकडे, गणवेशावर ठेकेदाराचे नाव आणि दर काही वर्षांनी नवा ठेकेदार. यंत्र तेच, पाळी तीच, मालही तोच. कागद तेवढा बदलला.

दहा वर्षे एकाच यंत्रावर राबलेला कामगार न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा एक ओळखपत्र असते, आणि तेही ठेकेदाराचे. कंपनीच्या बाजूने कागदांची चळत असते. न्यायाधीश कितीही सहृदय असला तरी पुराव्यापलीकडे जाऊ शकत नाही. लढाई त्या दिवशी हरली जात नाही. वर्क ऑर्डर टाईप झाली आणि आपल्या बाजूने ती कोणी वाचली नाही, त्या दिवशीच ती हरलेली असते.

जमीन आणि माल

शेतकऱ्याची स्थिती वेगळी नाही. समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर या तालुक्यांतून गेला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याच्यासाठी जमिनी मिळविताना सरकारने थेट खरेदीचा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. २०१७ मध्ये सिन्नर तालुक्यातील शिवड्यासारख्या गावांनी मोजणीला विरोध केला, तो सर्वांना आठवत असेल. भूसंपादन झाले आणि मोबदला अपुरा वाटला तर वाढीसाठी कायद्याने दाद मागता येते. एकदा स्वखुशीचे खरेदीखत नोंदले गेले की ती वाट बहुतांशी बंद होते. वाढीव दराच्या मोहात किंवा गरजेपोटी सही करणाऱ्या किती शेतकऱ्यांना हा भेद सहीच्या आधी कोणी समजावून सांगितला? टेबलाच्या पलीकडे महामंडळ होते, त्याचे अधिकारी होते, सल्लागार होते. अलीकडे एकटा खातेदार होता.

द्राक्षांचेही तेच. दिंडोरी-निफाडच्या बागेत लाखोंचा सौदा तोंडी बोलीवर आणि कच्च्या चिठ्ठीवर होतो. व्यापारी पैसे बुडवून निघून गेला की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा थकबाकीच्या वसुलीसाठी खास मोहीम हाती घेतली आणि पुष्कळांचे पैसे परत मिळवून दिले. ते स्वागतार्हच. परंतु आपल्याच मालाच्या पैशासाठी शेतकऱ्याला दिवाणी न्यायालयापेक्षा पोलीस ठाणे जवळचे वाटावे, यातच त्या न्यायालयाचे शेतकऱ्यापासूनचे अंतर दिसते. २०२० च्या शेतीविषयक कायद्यांनी तर व्यापाराच्या तंट्यांत दिवाणी न्यायालयाचा दरवाजाच बंद करून सारा निवाडा प्रांताच्या हाती देऊ केला होता. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनामुळे ते कायदे २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले.

या यादीतील लहान कारखानदारालाही विसरू नये. मोठ्या कंपनीला माल पुरविणाऱ्या अंबडच्या छोट्या उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. तो बजावण्याचे धैर्य किती जणांना होते? पुढची ऑर्डर हातची जाईल, ही भीती कोणत्याही कलमापेक्षा मोठी ठरते.

कारखाना बुडाल्यावर

वकिली पेढ्यांच्या यादीत अलीकडे ठळकपणे आलेले क्षेत्र म्हणजे दिवाळखोरी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे काम निर्माण केले. सिन्नरजवळ मुसळगाव-गुळवंच परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तेथे २७० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. तो वर्षानुवर्षे वीज न देता पडून राहिला आणि २०२२ मध्ये या संहितेखालील प्रक्रियेत गेला. जमीन गेली, रोजगाराचे आश्वासन विरले आणि अखेरचा हिशोब दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे मांडला गेला.

या हिशोबात कामगाराची जागा कोठे असते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. कंपनी अवसायनात निघाली तर प्रथम प्रक्रियेचा खर्च भागविला जातो. त्यानंतर कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणाऱ्या बँकांची देणी एका पायरीवर येतात. २४ महिन्यांपूर्वीची थकबाकी मागे ढकलली जाते. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतील रक्कम मात्र या वाटणीच्या बाहेर ठेवली जाते, ती कामगारांचीच. कंपनीचे भवितव्य ठरविणाऱ्या धनको समितीत मत असते ते वित्तीय धनकोंना, म्हणजे प्रामुख्याने बँकांना. ज्याची दोन वर्षांची मजुरी अडकली आहे त्या कामगाराला मत नसते.

तरीही या संहितेत आपल्या हाती काही आहे. ३० एप्रिल २०१९ रोजी कानपूरच्या जे. के. ज्यूट मिलच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंदणीकृत कामगार संघटना आपल्या सभासदांच्या वतीने धनको म्हणून अर्ज करू शकते. २०२० पासून अशा अर्जासाठी थकबाकीची किमान रक्कम एक कोटी रुपये करण्यात आली. एकट्या कामगाराची थकबाकी तेथवर पोहोचणे अशक्यप्राय आहे. हजार जणांची एकत्र केली तर ती सहज पोहोचते. संघटनेची आवश्यकता कायद्यानेच एवढ्या स्पष्टपणे क्वचित सिद्ध केली असेल! दुसऱ्या कोणाच्या अर्जावरून प्रक्रिया सुरू झाली, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि ठराविक मुदतीत दावा दाखल करावा लागतो. कामगाराने स्वतः करायचा तो 'डी' नमुन्यात, सर्वांच्या वतीने प्रतिनिधीने करायचा तो 'ई' नमुन्यात. ही सूचना बँकेचा वकील त्याच सकाळी वाचतो. कामगार तोवर गावी गेलेला असतो.

कायद्याने वकिलाला दाराबाहेर ठेवले होते

कायदा हे नेहमीच बलवंताचे हत्यार होते, असे मात्र मानू नये. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ज्या कागदाच्या बळावर आपली जमीन जाते तोच त्यांनी नेमका नष्ट केला. त्या उठावाचा परिणाम म्हणून सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ३६ वे कलम याच परंपरेतले म्हणावे लागेल. समेटाच्या बोलण्यांत वकिलाला मज्जाव, आणि कामगार न्यायालयात दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय व न्यायालयाच्या परवानगीशिवाय वकील उभा राहू शकत नाही. कामगाराच्या वतीने त्याच्या संघटनेचा पदाधिकारी बोलेल, अशी ही योजना. पैशाच्या बळावर विद्वत्ता विकत घेणाऱ्यासमोर कामगार दुबळा पडू नये, हा त्यामागचा विचार. परंतु १९७६ साली पारादीप पोर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एखादा वकील कंपनीचा किंवा मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असेल, तर तो पदाधिकारी या नात्याने उभा राहू शकतो. मागच्या दाराने वकील आत आला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद तत्त्वतः कायम आहे. ती आपण किती वेळा वापरतो? समोरच्या वकिलाला संमती नाकारायची, तर आपला पदाधिकारी खटला चालविण्याइतका तयार असला पाहिजे. एके काळी कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत असे पदाधिकारी असत. सनद नसताना ते कलमे तोंडपाठ सांगत आणि उलटतपासणी घेत. ती पिढी मागे पडली आणि तिच्या जागी आपण नवी तयार केली नाही.

नव्या संहिता, नवे काम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अंमलात आणल्या. वकिली पेढ्यांच्या दृष्टीने हा नव्या कामाचा हंगाम आहे. आपल्या दृष्टीने तो कसोटीचा काळ आहे.

ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद करणे यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी, ही तरतूद १९७६ मध्ये आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू होती. चळवळीच्या रेट्यामुळे १९८२ च्या दुरुस्तीने, १९८४ पासून ही मर्यादा १०० वर आली. नव्या संहितेने ती पुन्हा ३०० केली. चाळीस वर्षांपूर्वी जिंकलेली जमीन एका कलमाने परत गेली! स्थायी आदेशांचेही तसेच. महाराष्ट्रात ते ५० कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. संहितेत मर्यादा ३०० ची आहे. संपासाठी १४ दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच उद्योगांत आवश्यक झाली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संप समजला जाईल.

अंबड-सातपूरचा बहुसंख्य कामगार ज्या कारखान्यांत आहे ते ३०० च्या आतले आहेत. त्यांच्या मालकांना आता काय करता येईल, याचा सल्ला देण्याचे काम सुरू झालेले असणार. कामगारांना काय करता येईल, हे कोणी सांगायचे?

आपण काय करायचे?

वकिलांविरुद्ध घोषणा देऊन काही साधणार नाही. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेधे-जवळकरांची बाजू लढविली आणि त्यांना सोडवून आणले. वकिली विद्या पददलितांच्या बाजूने उभी राहिली की काय करू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. ती विद्या संघटितपणे आपल्या बाजूस आणणे, हाच उपाय आहे. त्यासाठी पुढील कामे तातडीने हाती घ्यावीत.

पहिले, प्रत्येक संघटनेने कागदांचे दप्तर ठेवावे. पाळीचे तक्ते, प्रवेशपासाच्या प्रती, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, कंपनीच्या पर्यवेक्षकाने मोबाईलवर पाठविलेले हुकूम, पगाराच्या पावत्या हे सारे आजपासून जपावे. सहा कसोट्यांना उत्तर देणारा पुरावा खटला उभा राहिल्यावर गोळा होत नसतो. नव्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे.

दुसरे, सरकारी विधी सेवेचा हक्क वापरावा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्या जोडीला औद्योगिक कामगाराचेही नाव स्पष्टपणे लिहिले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे किती संघटनांनी आजवर अर्ज केले?

तिसरे, तरुण वकिलांना जवळ करावे. नाशिकच्या विधी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांत कामगारांची आणि शेतकऱ्यांची मुले पुष्कळ आहेत. व्यापारी पेढीत उमेदवारी करण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसेल, तर ती तेथेच जाणार. चार-पाच संघटनांनी वर्गणी एकत्र करून एक कायदा कचेरी चालविली, तर दोन तरुणांच्या चरितार्थाची सोय होऊ शकते. त्या कचेरीने खटले लढविण्याआधी करार वाचावेत, दिवाळखोरीच्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवावे आणि खरेदीखतावर सही होण्यापूर्वी शेतकऱ्याला भेटावे.

या कचेरीची कार्यक्षेत्रेही मग दारावर लिहिता येतील: कंत्राटी कामगार, थकलेली मजुरी, बंद कारखान्यांची देणी, जमीन, बुडालेल्या मालाचे पैसे. जिल्ह्यात आज त्या यादीची गरज असलेले लोक बहुसंख्य आहेत. येत्या जिल्हा बैठकीत हा विषय चर्चेला घ्यावा आणि कचेरीसाठी वर्गणी किती व कोणी द्यायची, हे ठरवूनच बैठक संपवावी.